वाऱ्यानें पडलेल्या कैऱ्या आणि घरची चटणी

फळझाडाचा स्वभाव संसारी माणसाच्या सोयीचा नाहीं. वर्षाचे दहा महिने तें कांहीं देत नाहीं, आणि द्यावयास लागलें म्हणजे इतकें देतें कीं घेणाराचे हात अपुरे पडावे. चैत्रांत बोराएवढ्या दिसणाऱ्या कैऱ्या वैशाखांत मुठीएवढ्या होतात; मग एखाद्या संध्याकाळीं वळवाचा वारा सुटतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं परसांत कैऱ्यांचा सडा पडलेला दिसतो. पहिली टोपली हौसेनें उचलली जाते. दुसरी शेजारीं पोंचते. तिसरी पडवीच्या कोपऱ्यांत राहते, आणि चौथ्या दिवशीं तिच्यावर चिलटें घोंगावूं लागलीं म्हणजे ती निमूटपणें उकिरड्यावर रिकामी करण्यांत येते. अन्नाचा कण वायां जाऊं नये असें मुलांस शिकविणाऱ्या घरांतूनच हें घडतें, हा त्यांतला विपर्यास आहे.

मोठ्या प्रमाणावर हेंच संकट कोंकणानें अलीकडे लागोपाठ दोनदां पाहिलें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आंबा, नारळ व सुपारी यांचीं जुनीं झाडें मुळासकट उपटलीं गेलीं. पुढच्याच वर्षीं, मे महिन्याच्या १६ व १७ तारखांस, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे सरकलें. त्या वेळीं पुष्कळ आंबा अजून झाडावरच होता. वाऱ्यानें तो खालीं आणला, आणि साथीच्या निर्बंधांमुळें बाजारही मोकळा नव्हता. बागाईतदाराची अशी हानि चटणीच्या बरण्यांनीं भरून निघणारी नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घराच्या परसांत दोन-चार रायवळ आंबे आहेत, त्या घरापुरता हा प्रश्न गृहिणीच्या हातचा आहे. रायवळ कैरीस बाजारांत फारसें कोणी विचारीत नाहीं. तिचा दोरा जाड, आंबटपणा तीव्र. नेमके हेच दोन गुण चटणीस उपकारक ठरतात. म्हणून या अंकीं आमच्या वाचकभगिनींशीं, आणि त्यांच्या घरच्या पुरुषमंडळींशींही, त्या चटणीविषयीं चार गोष्टी बोलाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या घरांतून कैरी टिकविण्याचे मार्ग कांहीं थोडे नव्हते. फोडी उन्हांत खडखडीत वाळवून आंबोशी करीत. अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यांत मुरवीत. लोणचें तर घरोघरीं होई. आणि गुळांबा, साखरांबा, मेथांबा हे प्रकार मुलांच्या पोळीबरोबर वर्षभर पुरत. पण यांतील पुष्कळ प्रकारांस एक अट असते, ती ही कीं फळ निर्दोष पाहिजे. लोणच्याची कैरी हातानें उतरलेली, कडक व न ठेचाळलेली लागते. उंचावरून पडलेल्या कैरीचा गर आंत फुटलेला असतो. तो भाग प्रथम मऊ पडतो, मग काळा होतो, आणि तशी एक फोड जरी बरणींत गेली तरी सारा खार नासण्याचें भय असतें. अशा ठेचाळलेल्या फळांस शिजवून केलेली तिखट-गोड चटणी हाच खरा आसरा आहे. तिच्यांत फोडीचा आकार राखावयाचा नसतो. लागलेला भाग कापून टाकतां येतो. आणि उरलेला गर विस्तवावरून जाऊन निर्धोक होतो.

‘चटणी’ हा शब्द चाटण्यावरून आला, हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या पानांत डावीकडे तिचें स्थान ठरलेलें. खोबऱ्याची, कोथिंबिरीची ती ओली. शेंगदाणा, जवस, कारळें यांची ती कोरडी. परंतु कंपनी सरकारच्या काळीं इकडे राहून गेलेल्या इंग्रज कुटुंबांस जिचा लळा लागला ती कैरीची गोड, आंबट, तिखट व घट्ट चटणी होय. मायदेशीं परतल्यावर त्यांना कैरी मिळेना. तेव्हां त्यांनीं आपल्या बागेंत जें उरत असे तेंच घेतलें: वाऱ्यानें पडलेलीं सफरचंदें, थंडीमुळें न पिकलेले हिरवे टोमॅटो. त्यांत शिरका, साखर, बेदाणे, आलें व मिरची घालून तीं शिजवलीं. आजही तिकडील घरांतून शरद ऋतूंत अशा बाटल्या भरल्या जातात, आणि ‘चटणी’ हा आपलाच शब्द त्यांवर लिहिला जातो. लंडनमध्यें संसार थाटलेल्या कित्येक मराठी गृहिणींनाही परसांतील सफरचंदांची चटणी करतांना माहेरच्या मेथांब्याची चव आठवावी, इतके हे दोन पदार्थ जवळचे आहेत. देवघेवीचा हा व्यवहार एकतर्फी मात्र नव्हे. जिच्यावांचून आपल्याला चटणी सुचत नाहीं ती मिरची मूळची अमेरिका खंडाची. पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत ती इकडे आणिली. त्यापूर्वीं आपल्या पूर्वजांचें तिखट म्हणजे मिरीं, पिंपळी आणि आलें.

आतां ही चटणी टिकते कशानें, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण ज्या गृहिणीस कारण कळलें तिला कृति पाठ करावी लागत नाहीं. ‘तिखट सढळ घातलें कीं पदार्थ टिकतो’ असा एक समज घरोघरीं आढळतो. तो खरा नाहीं. तिखटानें जीभ चाळवते, पण नासणें थांबवावयास त्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. टिकविणारीं द्रव्यें तीन: आंबटपणा, गोडी आणि मीठ, आणि त्यांस साह्य करणारा चौथा विस्तव. गूळ व मीठ हीं फळांतील पाणी बांधून ठेवितात, म्हणजे सूक्ष्म जंतूंस वाढण्यापुरतें मोकळें पाणी मिळत नाहीं. निव्वळ साखरेवर टिकणाऱ्या मुरंब्यांत विरघळलेल्या घनद्रव्याचें प्रमाण शेंकडा ६५ च्या वर न्यावें लागतें. चटणींत आंबटपणाची जोड असल्यामुळें तें शेंकडा ५० पर्यंत असलें तरी चालतें. विकाऊ आंब्याच्या चटणीसंबंधीं आपल्याकडे जे सरकारी नियम आहेत, त्यांतही फळ निदान शेंकडा ४० आणि विरघळलेलें घनद्रव्य निदान शेंकडा ५० असावें असेंच सांगितलें आहे.

उकळून व हवाबंद करून अन्न टिकविण्याची विद्या निकोला आपेर या फ्रेंच हलवायानें काचेच्या बाटल्यांवर प्रयोग करून सिद्ध केली. १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्यास तीबद्दल १२,००० फ्रँक दिले. अन्न कां टिकतें हें मात्र त्यास सांगतां आलें नाहीं. तें कोडें पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं लुई पाश्चर यांनीं उलगडलें. नासणें हें जंतूंचें काम आहे, आणि उष्णतेनें जंतु मरतात.

परंतु सर्वच जंतु उकळण्यानें मरत नाहींत, आणि येथें आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नांवाचा एक जंतु मातींत राहतो. त्याचीं बीजें घरगुती उकळण्यास दाद देत नाहींत. आणि हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या अन्नांत तीं रुजलीं म्हणजे जें विष उत्पन्न करितात त्यानें माणसाचे स्नायु लुळे पडून प्राणही जातो. त्या विषाचा वास किंवा चव कळेलच असें नाहीं. झाडाखालीं पडलेल्या फळास माती लागलेली असते, म्हणून ही गोष्ट आपल्या विषयास लागू आहे. सुदैवानें यावर उपाय सोपा आहे. आम्लता मोजण्याच्या मापांत शुद्ध पाण्याचा आंकडा ७ धरितात; जों जों आंकडा खालीं येतो, तों तों पदार्थ अधिक आंबट. हा आंकडा ४.६ किंवा त्याखालीं असेल तर हा जंतु वाढूं शकत नाहीं. कच्ची कैरी स्वभावतःच याच्या पुष्कळ खालीं असते. म्हणजे जिच्या आंबटपणामुळें आपण तोंड वेडेंवांकडें करितों, तीच कैरी आपलें रक्षण करीत असते. ज्यांच्या घरीं महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणारीं मुलें आहेत, त्यांनीं आम्लता दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या आणवून चटणी स्वतः तपासून पाहावी. पुस्तकांतील विद्या स्वयंपाकघरांत उतरण्याचा तो एक चांगला प्रसंग होईल.

आतां कृति. सोललेल्या व कोय काढलेल्या कैरीच्या १ किलो गरास साहित्य असें: चांगला पिवळा गूळ ७५० ग्रॅम, मीठ ४० ग्रॅम, किसलेलें आलें ५० ग्रॅम, लाल तिखट २० ग्रॅम, बेदाणे ७५ ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी एक चहाचा चमचा, बडीशेप दोन चमचे, लवंगा सहा, मिरीं दहा, दालचिनीचा बोटभर तुकडा, आणि शिरका १०० मिलिलिटर. रंगास ब्याडगी मिरची व झणझणीतपणास संकेश्वरी, अशी निम्मी-निम्मी घेतली तर दोन्ही साधतात. ज्या घरांतून शिरका वर्ज्य मानितात त्यांनीं तितकाच लिंबाचा रस घ्यावा. चवींत थोडा फरक पडेल, टिकण्यांत पडणार नाहीं. गोव्यांतील कित्येक घरांत माडाच्या सुरेपासून केलेला शिरका वापरतात; तो मिळाल्यास उत्तमच.

कैऱ्या प्रथम पाण्यांत बुडवून, चोळून धुवाव्या, म्हणजे माती आणि देंठाकडचा चीक निघून जाईल. मग पुसून सोलाव्या. ठेचाळलेला भाग सढळ हातानें कापून टाकावा. जिच्यावर बुरशी धरली आहे ती कैरी मात्र तेवढा भाग कापून घेऊं नये, सबंध फेंकावी. कारण बुरशीचीं विषें डोळ्यांस दिसतात तेवढ्यापुरतीं राहत नाहींत, आणि उकळण्यानें तीं जातीलच असेंही नाहीं. काटकसरीची मर्यादा येथें संपते. उरलेल्या गराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांस मीठ लावून दोन तास ठेवावे. सुटलेलें पाणी टाकूं नये.

भांडें जाड बुडाचें व स्टीलचें घ्यावें. पितळ, तांबें, अल्युमिनियम व लोखंड यांवर आंबट पदार्थाचा परिणाम होतो. तुकडे त्यांच्याच पाण्यांत, लागल्यास पेलाभर पाणी घालून, मंद विस्तवावर मऊ होईतों शिजवावे. गूळ आरंभींच घालण्याची घाई करूं नये. गोडींत शिजलेली फोड कडक राहते. गूळ वेगळ्या भांड्यांत थोड्या पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे त्यांतील कचरा व वाळू राहील, आणि कैरी मऊ झाल्यावर तो पाक तींत ओतावा. मग आलें, तिखट, बेदाणे, आणि सर्व मसाला कुटून घालावा. शिरक्याचा निम्मा भाग या वेळीं व उरलेला उतरविण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटें घालावा. कारण त्याचा कांहीं अंश वाफेबरोबर उडून जातो. येथून पुढें जागचें हलूं नये. चटणी घट्ट होऊं लागली कीं ती बुडास लागते, आणि करपल्याचा वास एकदां शिरला कीं कोणताही मसाला तो झांकीत नाहीं.

चटणी झाली हें ओळखण्याच्या खुणा दोन. पळी भांड्याच्या बुडावरून ओढली असतां मागें जी वाट पडते ती लगेच भरून येऊं नये. आणि चमचाभर चटणी थंड ताटलींत ठेवली असतां तिच्या कडेनें पाणी सुटूं नये. या प्रमाणानें दीड ते पावणेदोन किलो चटणी उतरते. काचेच्या बाटल्या अगोदर पाण्यांत पंधरा मिनिटें उकळून उपड्या करून वाळवाव्या, आणि त्या गरम असतांनाच तींत कढत चटणी भरावी. थंड बाटलींत कढत चटणी ओतल्यास काच तडकते. झांकण साध्या पत्र्याचें नको. आंबटपणानें तें गंजतें. भरल्यावर निदान एक महिना बाटली उघडूं नये. ताज्या चटणींत तिखट एकीकडे व आंबट एकीकडे लागतें. महिन्याभरांत तीं एकमेकांत मुरतात.

कैरीखेरीज दुसरीं फळें घ्यावयाचीं असल्यास आंबटपणाचा नियम विसरूं नये. करवंदें, आवळे, अननस हीं आंबट असल्यामुळें त्यांस वरील प्रमाण थोड्या फरकानें लागू पडतें. पेरू शिजवून चाळणींतून काढावा, म्हणजे बिया राहतील. परंतु पिकलेली पपई, केळें, पिकलेला आंबा यांचा आंबटपणा अगदीं थोडा किंवा अनिश्चित असतो. अशा फळांस किलोमागें ४०० मिलिलिटर शिरका लागतो, आणि तो कमी करण्याचा मोह आवरावा. शिरका चालत नसेल त्यांनीं निम्मी कैरी मिसळावी, चटणी शीतकपाटांत ठेवावी व महिन्याभरांत संपवावी. कांदा-लसूण घातल्यानेंही आंबटपणा कमी होतो. शिवाय कांदा-लसूण नसलेली बाटली चातुर्मासांत, जेव्हां पानावरील भाज्या मोजक्या राहतात, तेव्हां हाताशीं येते तें वेगळेंच. घरांत मधुमेहाचें किंवा रक्तदाबाचें कोणी असल्यास त्यांस चमचाभरच वाढावी. चटणी ही बोटानें चाटावयाची वस्तु आहे, वाटींतून खावयाची नव्हे. आणि ती विकावयाची झाल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी करावी लागते, हेंही लक्षांत असावें.

येथपर्यंत जिन्नसांचा हिशेब झाला. श्रमांचा हिशेब राहिला. दहा किलो कैरी सोलणें, चिरणें आणि वैशाखाच्या उन्हाळ्यांत चुलीपाशीं उभें राहून ती ढवळणें, हें एका बाईचें काम नव्हे. तरी पुष्कळ घरांतून तें एकाच सुनेच्या वांट्यास येतें; आणि पुढें वर्षभर जेवतांना ‘यंदा जरा गोड झाली’ असा अभिप्राय देण्यास मात्र सारे कुटुंब हजर असतें. मोठ्या कुटुंबाची शोभा पंक्तींत दिसते तशीच ती कामाच्या वांटणींतही दिसली पाहिजे. कैऱ्या वेंचणें व धुणें मुलांनीं करावें; सोलणें व चिरणें ओटीवर बसून पुरुषांनीं करावें; ढवळण्याची पाळी अर्ध्या-अर्ध्या तासानें बदलावी. अशा वांटणीनें एका सकाळींत जें काम हंसतखेळत उरकतें, तेंच एकटीवर टाकलें म्हणजे तिचे दोन दिवस जातात, आणि तिसऱ्या टोपलीच्या वेळीं तिनें डोळेझांक केली तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणास राहत नाहीं. फळें कां वायां जातात याचें खरें उत्तर पुष्कळ वेळां हेंच असतें.

दुसरी गोष्ट विद्येची. आपल्या आजेसासवांच्या हातीं अंदाज होता. चिमूट, मूठ, ओंजळ हीं त्यांचीं मापें, आणि कधीं चुकत नसत. पण हात गेला कीं तो अंदाजही जातो. शेर-पायलीचीं मापें १९५८ पासून हळूहळू व्यवहारांतून गेलीं, तेव्हां त्या मापांनीं सांगितलेल्या कित्येक कृतीही नव्या सुनांस परक्या झाल्या. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालें, आणि वाटी-चमचा या घरच्याच मापांनीं सांगितलेल्या कृति घरोघरीं पोंचल्या. त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेचें एक मोठें कारण हें माप होतें. तरी प्रत्येक घराची म्हणून जी एक चव असते ती छापील पुस्तकांत सांपडत नाहीं. ती त्या घरच्यांनींच लिहून ठेवावयाची असते. घरांतील वडील स्त्रीनें गूळ घालतांना तिचा हात मध्येंच थांबवून तो गूळ तराजूंत तोलून घ्यावा. प्रथम ती रागावेल, मग कौतुकानें पाहील. एक वही या कामीं लावावी. तींत सन, फळाची जात, प्रत्येक जिन्नसाचें वजन, आणि महिन्यानंतर लागलेली चव, इतकें लिहावें. तीन-चार वर्षांत त्या घरचें स्वतःचें प्रमाण सिद्ध होईल, आणि लग्न होऊन परगांवीं गेलेल्या लेकीस तें पत्रानें धाडतां येईल.

शेवटीं एक साधी सूचना. बाटली भरली कीं तिच्यावर फळाचें नांव आणि भरल्याची तारीख लिहिलेली चिठी लावल्याशिवाय ती फळीवर ठेवूं नये. जिच्यावर तारीख नाहीं ती बाटली पुढच्या वर्षीं कोणीही धीरानें उघडीत नाहीं, आणि झाडाखालून वांचविलेलें फळ मग फळीवर वायां जातें. पांच बाटल्या भरल्या तर दोन घरीं ठेवाव्या, एक शेजारीं द्यावी, एक लेकीकडे पाठवावी, आणि पांचवी अशा घरीं न्यावी कीं ज्यांच्या परसांत झाड नाहीं.